भिमाजीचं तळं कोणी मारलं?

भिमाजी आला तेव्हा त्याच्या खांद्यावर युरियाची गोणी होती आणि गोणीत मेलेले मासे होते.

"बाई, पुरावा आणलाय."

खासगी गुप्तहेर इंद्रायणीने खिडकी उघडली. तिचा सहायक हौशीराम थेट बाहेरच गेला.

डिंगोरे गावातल्या भिमाजीच्या शेततळ्यातले सगळे मासे पहाटे मेले होते. विष घातल्याचा संशय यमाजी मेंढपाळावर होता. संध्याकाळी गावसभा होती. तिथे यमाजी दोषी ठरला, तर त्याची मेंढरं शिवाराबाहेर जाणार होती. चरायला दुसरी जागा नव्हती.

"पाणी कसं आहे?"

"हिरवंगार. उसावानी जोपासलंय."

"मासे मरताना काय करत होते?"

"वर येऊन तोंडं उघडत व्हते. मला कायतरी सांगायचं व्हतं बगा."

ते तळ्यावर पोचले, तेव्हा यमाजी मेंढरांपुढे उभा होता. "ताई, माजी मेंढरं सकाळीबी हितंच पाणी प्याली. समदी उभी हाईत."

"आन बेडकं लई वराडत्यात," त्याची बायको तानूबाई म्हणाली. सगळे गप्प झाले. बेडकांनी साक्ष दिली.

शेजारचा टोमॅटोवाला चांगदेव म्हणाला, "फवारणीचा पंप मी तळ्यात धुतला न्हाई. वढ्यात धुतला." हे त्याने अभिमानाने सांगितलं.

इंद्रायणीने सगळ्यांना शाळेत नेलं. तिथल्या नव्या कॉम्प्युटरवर तळ्याचा एक खेळ होता.

"हौशीराम, विष टाक."

मासे, बेडूक, सगळं संपलं.

"आता नवीन तळं घे. खत टाक."

पाणी हिरवं झालं, मासे जाडजूड झाले. हौशीराम खुशीत बटण दाबत सुटला. पडद्यावर रात्र झाली. पहाटे मासे वर आले, तोंडं उघडली आणि मेले. बेडूक मजेत होते.

"म्हणजे मी मारले?" हौशीराम हादरला.

"हे तू. ते भिमाजींनी. विष असतं तर बेडूक गप्प असते, मेंढरं आडवी असती. खताने शेवाळ माजलं. रात्री ते पाण्यातला प्राणवायू खातं. मासे श्वासासाठी वर आले. मासे कशात भरून आणलेत, भिमाजी?"

"युरियाच्या गोणीत," भिमाजी म्हणाला. "मासे बारीक व्हते वो. म्हनून उसाला देतो तेवढा डोस दिला. सभेत लोकं हसतील, बाई."

"यमाजीला हाकललं तर कोणी हसणार नाही. ते बरं वाटेल?"

सभेत भिमाजी उभा राहिला. "मासे मीच मारले," म्हणाला आणि कसे तेही सांगितलं. गाव पोट धरून हसलं. एकटा यमाजी हसला नाही. हसू ओसरलं की आपला विषय निघणार, हे त्याला ठाऊक होतं.

ओसरलं. चांगदेव म्हणाला, "मंग मेंढरांचं काय ठरलं?"

"मेंढरांनी काय केलंय, राव?" भिमाजी म्हणाला आणि खाली बसला.

लोक उठून चपला शोधू लागले. तानूबाई बाहेर गेली आणि घोडीवर बांधलेलं बिऱ्हाड सोडू लागली.