मागेल त्याला सूर

चंद्रावरच्या शीतलवाडीत शर्वाणीचं पहिलं पेटीवादन संध्याकाळी होतं, आणि सकाळच्या तालमीतच सगळा विचका झाला. घराघरांतल्या पडद्यांवर तिचे हात मध्येच थिजत होते, सूर तुटत होते. घरोघरी वादन नेणारी तार तर धडधाकट होती. मग घोडं अडलं कुठे?

"पाठवलंस कसं?" घरातल्या चिमटा नावाच्या यंत्रमानवाने विचारलं.

"प्रत्येक घराला वेगळं. वाडीत बोलावणं घरोघरी जाऊनच करतात ना! एखादं घर राहिलं तर रुसतात."

"वा गं वा! म्हणजे एकच वादन शंभरदा एका तारेत कोंबलंस."

"मग सरसकट सगळीकडे सोडू?"

"हवेच्या पंपांनाही पेटी ऐकवणार? आणि रात्रपाळी करून झोपलेल्यांना?"

शर्वाणीला हसू आलं. चिमट्याने जमिनीवर रेघ ओढून तिला फाटे फोडले. प्रत्येक फाट्यावर राउटर (निरोपाला वाट दाखवणारं यंत्र) असतो. ज्याला पेटी ऐकायची, त्याने जवळच्या राउटरला सांगायचं, 'मला हवी.' तो वरच्या राउटरला सांगतो, तो त्याच्या वरच्याला. असं मागणाऱ्या घरांपर्यंत वाटांचं एक झाड तयार होतं. शर्वाणीने वादन एकदाच सोडायचं, मागणाऱ्यांच्या गटाला दिलेल्या एकाच पत्त्यावर. वाट फुटेल तिथेच राउटर आणखी एक प्रत काढणार. ज्या फांदीवर कुणी मागितलं नाही, तिकडे काहीच जाणार नाही. यालाच बहुप्रसारण (एकाने अनेकांना, पण मागणाऱ्यांनाच पाठवणं) म्हणतात.

"म्हणजे मी कुणाला बोलवायचंच नाही?"

"पत्ता सगळ्यांना कळवू. मागायचं ज्याचं त्याने."

शर्वाणीचा चेहरा पडला. तिचे बाबा दूरच्या खाणीवर एकटेच राहत होते, आणि बाबा कधी स्वतःहून काही मागतच नसत. जेवताना दुसरी पोळीसुद्धा आईने वाढली तरच घ्यायचे. ते कसले पेटी मागतात! तिला रडूच यायला लागलं.

संध्याकाळी ती वाजवायला बसली. चिमट्याच्या छातीवरच्या पडद्यावर झाड फांदी-फांदीने उजळत गेलं. या वेळी कुठेच सूर तुटला नाही. शेजारच्या देवयानीकाकूंनी तर भिंतीपलीकडूनच 'वाहवा' केली. खाणीकडची फांदी मात्र काळीच होती. शर्वाणी तिकडे न बघायचा प्रयत्न करत वाजवत राहिली.

गत संपत आली आणि ती फांदी उजळली.

"खाणीवरून मागणी आली," चिमटा हळूच म्हणाला. "पण मागितल्यापुढचंच मिळतं हं. आधीचं त्यांना ऐकू आलेलं नाही."

शर्वाणीने डोळे पुसले, भाता पुन्हा धरला आणि गत पहिल्यापासून सुरू केली.