मऊ पडलेला बांध

बांधामागच्या प्रयोगशाळेत कायकेने बांधाच्या कडकपणाचे आकडे तिसऱ्यांदा पाहिले आणि कपाळावर हात मारला. एका ठिकाणी समुद्रबांध लोण्यासारखा मऊ पडला होता. संध्याकाळी भरतीबरोबर वादळ येणार होतं, आणि बांधाच्या आडोशाला ओल्डरहुम गावाची चाळीस घरं समुद्राच्या पातळीखाली वसलेली होती.

हा घातपातच! संशयासाठी माणूस फार शोधावा लागला नाही. म्हाताऱ्या नाहमेनच्या तीन पिढ्या बांध राखत आलेल्या, आणि शहरातून आलेल्या कायकेवर तो पहिल्या दिवसापासून डूख धरून होता. तिने त्याला बोलावून घेतलं.

"आजोबा, काय ओतलंत तिथे?"

"चोराच्या उलट्या बोंबा! मातीत जंतू कोणी घातले, बाई?"

"ते जंतूच बांध धरतात. वर वजन पडलं की चुना सोडतात, माती दगड होते. मेंढ्यांच्या, माणसांच्या पावलांवर त्यांचं भागतं. पावलं थांबली की मात्र स्वतःचाच चुना खातात."

नाहमेनचा चेहरा खर्रकन उतरला.

"तिथे माझं फावडं रोवलंय," तो म्हणाला. "आमचा जुना कायदा. ज्याला आपला वाटा राखायचा नाही, त्याने फावडं रोवून बाजूला व्हायचं. जो उपटेल, जमीन त्याची आणि तिथला बांध राखायचं कामही त्याचंच, मरेपर्यंत. तुमच्या जंतूंवर माझा काडीचा भरवसा नव्हता. महिना झाला, तिकडे कुणी मेंढीसुद्धा नेत नाही. नसतं लचांड गळ्यात कोण घेईल?"

"आणि आकडा पहिल्यांदा घसरला तेव्हा मी ते घातपाताचा पुरावा म्हणून जपलं! भोवती कुंपण घातलं!" कायकेला स्वतःचीच लाज वाटली.

दोघं बांधावर त्या जागी धावले. मेंढ्या सांभाळून उभं असलेलं गाव तिने हाकारलं, "चाला इथे, सगळेच चाला!"

कुणी हललं नाही. सगळ्यांचे डोळे फावड्यावर.

"तुम्ही उपटा ना!" ती नाहमेनला म्हणाली.

"रोवणाऱ्याला उपटता येत नाही."

रविवारी तिचं काम संपणार होतं, घरी मुलगी वाट बघत होती. कायके मनातून घाबरली. पण तिने कुंपण आडवं केलं, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि फावडं उपटलं.

मग मेंढ्या आल्या, बाया आल्या, काठी टेकत म्हातारे आले. लाटा बांधावर आदळत असताना गाव तेवढ्याच तुकड्यावर येरझाऱ्या घालत होतं. कायकेच्या हातातल्या मापकावर आकडा हळूहळू चढला. बांध टिकला.

नाहमेनला धाप लागली होती. "आता थांबायचं ना, बाई?"

"थांबलो की जंतू पुन्हा चुना खायला लागतील," कायके म्हणाली आणि चालत राहिली.