गंडभेरुंडाचे चार डोळे

कोरवगडाच्या कड्यांवर पहाट फुटली ती धुक्यात. टाक्यांनी तळ गाठलेला, कोठारात दाणा नाही, आणि खाली यावरखानाचा वेढा. उतरायला पश्चिमेची घळ तेवढी होती. पण तिच्यावरची चौकी उठल्याखेरीज मुंगीसही वाट नव्हती.

म्हणून वृद्ध किल्लेदार हैबतराव रणनवरे यांनी शरणागतीचा निरोप धाडला. खानाने गडाची शान असलेला लोकरी गालिचा मागितला. मंजिष्ठेच्या तांबड्या रंगावर निळीचे दोन दुतोंडी गंडभेरुंड, नखांत हत्ती धरलेले. त्यावर बसूनच तो किल्ल्या स्वीकारणार होता, आणि त्या दरबारच्या मुजऱ्यासाठी त्याने झाडून साऱ्या चौक्या छावणीत बोलावल्या. मात्र लोकर विणणाऱ्या सणगरांची रीत अशी, की गालिचा जिथे अंथरायचा तिथेच विणणारीने पक्ष्यांचे डोळे, दर तोंडाला एक, भरावेत. आंधळ्या गंडभेरुंडावर बसेल त्याचा वंश बुडतो. खान थांबायला तयार झाला.

किल्लेदारासोबत म्हाळसा सणगरीण छावणीत आली. तान्ही लेक तिने जावेच्या ओटीत घातली होती, घळीतून उतरायला. डोळे भरून होईतो जितकी माणसे उतरतील, तितकीच वाचणार होती.

म्हाळसा गाठ मारी, उसवी, पुन्हा मारी.

"बाई, पाखराला मोतीबिंदू झालाय की काय?" खान म्हणाला, तसे सरदार हसले.

"एक डोळा तिरळा झाला तर नाव आमचं जाईल, सरकार."

दुपार चढली. लेकीला पाजायची वेळ टळली, तशी छाती दाटून चोळीवर ओल उमटली. खानाने ती पाहिली. तोही लेकरांचा बाप होता.

"लेकरू गडावर आहे? स्वार धाडतो, आणवून घे. आधी पाज, मग काम."

हैबतरावांचा चेहरा उतरला. गडावर आता नुसत्या चुली होत्या. आई जे स्वप्नातही जिभेवर येऊ देत नाही, ते म्हाळसा मान वर न करता बोलली.

"नगं, सरकार. ल्येक गेली माझी. उपासानं."

स्वार जागचा हलला नाही.

सांजेला चौथा डोळा भरला, किल्ल्या दिल्या गेल्या, आणि गडावर गेलेले शिपाई धावत परतले. वर चिटपाखरू नव्हते. हैबतरावांनी मुकाट मान पुढे केली. म्हाळसाने हात जोडले, पण जीव मागितला नाही.

"दुपारचं खोटं होतं, सरकार. माझी ल्येक जिती हाय. एवढं ऐका, मग काय करायचं ते करा."

खानाने आधी गालिचा उचलायला सांगितला, मग जल्लादास खूण केली.

त्या वेळी घळीपलीकडच्या वाडीत तिची जाऊ एका परक्या बाळंतिणीपुढे पदर पसरून घोटभर दूध मागत होती.