पळत येऊन बसायचं

यात मीठमसाला नाही. ज्यांना तो हवा असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. मी अनुजा, राहणार कोल्हापूर, आणि हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे.

खरं सांगायचं तर अजून घडतंय.

इथं अनुभव लिहिणाऱ्या बहुतेकांची भुतं रात्री बारानंतर निघतात. माझ्या वाट्याला आलेलं भर दुपारी आलं. गेल्या वर्षीचा श्रावण. गगनबावडा मागं टाकून कोल्हापूरकडं येताना जंगलातलं एक वळण आहे, तिथं.

आधी गाडीचं सांगते, कारण सगळं तिच्यापायी झालं.

नवीकोरी गाडी घेतली होती आम्ही. जोतिबाला नेऊन आणली, चाकाखाली लिंबं ठेवली, सगळं रीतसर केलं. पण लिंबानं पंप थोडाच नीट होतो. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवणारा जो पंप असतो, त्यातला एक भाग कंपनीतूनच सदोष आला होता. तो अडकला की चालत्या गाडीत इंजिन गप्प. खडखड नाही, धूर नाही. स्टेअरिंग एकदम जड व्हायचं आणि ब्रेक दाबता दाबला जायचा नाही.

शोरूमवाले आम्हालाच विचारायचे, "मॅडम, पेट्रोल कुठलं भरता?" नाचता येईना, अंगण वाकडं.

असे आम्ही एकटेच नव्हतो. या गाडीच्या मालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला. कबनूरचा सोमेश, यंत्रमागवाला, त्याचा पुढारी. कंपनीला नोटीस धाडायचं त्यानंच मनावर घेतलं होतं. तोवर दिवस ढकलायची युक्तीसुद्धा त्यानंच शिकवली. गाडी बंद पडली की सेल्फ मारत बसून बॅटरी घालवायची नाही. पंप जरा गार होऊ द्यायचा. मग एकानं मागून धक्का मारायचा, दुसऱ्यानं दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा. आणि एकदा इंजिन लागलं की थांबायचं नाही. थांबलं की ते परत बंद पडायचं.

धक्का मारणाऱ्यानं पळत येऊन चालत्या गाडीत बसायचं.

आम्ही दोघं यात पटाईत झालो होतो. स्टेअरिंगवर मी, धक्क्याला माझा नवरा विश्वजित. आम्ही एका कॉलेजातले, त्यामुळं मी त्याला अहो-जाहो करत नाही, आणि त्यावरून सासूबाई अजून फुगून बसतात. तो पळत यायचा, मागच्या डाव्या दारानं आत अंग टाकायचा, दार असं आपटायचा की काचा हलायच्या. मग माझ्या सीटवर थाप मारून म्हणायचा, "हाण आता."

मी मागं बघायचेसुद्धा नाही. दार आपटलं, थाप पडली, की ॲक्सिलरेटर.

त्या दिवशी आम्ही वैभववाडीला नणंदेकडं बारशाला गेलो होतो. लेक वर्षाराणी शाळेमुळं कोल्हापुरात आजीजवळ होती. घाट कसाबसा चढलो. बावडा गाव मागं पडलं आणि धुकं उतरलं. बोनेटच्या पुढचं काही दिसेना. दुपारची वेळ, पण सगळं पांढरं.

विश्वजितचं तोंड चालूच होतं. "ह्यो डबा शोरूमच्या दारात न्हिऊन पेटवतो बघ मी एक दिवस. तुला सांगून ठेवतो."

"आधी हप्ते फेड, मग पेटव," मी म्हणाले.

आणि इंजिन गेलं.

अगदी वळणावर. मागून एखादी एसटी आली असती तर तिला आम्ही दिसलोच नसतो. थोडा वेळ जीव मुठीत धरून बसलो. मग विश्वजित शिव्या घालत उतरला. रस्त्याला बारीक उतार होता. तो मागं गेला आणि आरशात दिसेनासा झाला.

गाडी हलली. त्याचं हुंकारणं ऐकू येत होतं.

मी क्लच सोडला. झटका बसला... इंजिन लागलं.

मागं पळणारी पावलं ऐकली. डावं दार उघडलं. गाडी एका बाजूला जराशी दबली.

दार लागलं... हळूच.

सीटवर थाप पडली. मी ॲक्सिलरेटर दाबला.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी का होईना, माणसाला दार लावायची अक्कल आली.

"शिकलास की," मी म्हणाले.

तो काही बोलला नाही.

मला वाटलं, दमला असेल. आरशात बघितलं, तर मागच्या सीटवर नुसता एक खांदा दिसला, ओला. चेहरा आरशाच्या बाहेर होता. मी रस्त्याकडं बघायला लागले. धुक्यात नजर हटवून चालत नाही.

जरा वेळानं फोन वाजला.

माझा फोन गाडीला जोडलेला असतो. पुढच्या स्क्रीनवर नाव आलं... विश्वजित.

माझ्या लगेच ध्यानात आलं नाही. वाटलं, मागं बसून चुकून बटण दाबलं असेल. मी फोन उचलला आणि आवाज गाडीच्या सगळ्या स्पीकरांतून आला.

"आगं, कुठं चाललीस? मी हितंच हाय की मागं."

धाप लागलेली. वारा. कुठंतरी पाणी पडत होतं.

"चपलेचा अंगठा तुटला माझ्या, पळता आलं न्हाय. थांब की. ऐकतीस न्हवं?"

माझे हात स्टेअरिंगवर होते आणि ते माझे आहेत असं मला वाटत नव्हतं.

आवाज त्याचाच होता. नवऱ्याचा आवाज बाईला कळतो. चिडलेला, वर जरासा घाबरलेला, आणि घाबरलोय हे कळू नये म्हणून आणखी चिडलेला.

मग मागून कुणीतरी बोललं.

"बंद कर ते."

तोही त्याचाच आवाज. शांत.

"फोन पडला माझा धक्का मारताना. कुणाला तरी गावलाय, चेष्टा करतोय. तू थांबू नगंस. गाडी बंद पडंल."

स्पीकरमधला म्हणाला, "कोण हाय गं गाडीत?"

आता तुम्ही म्हणाल, मागं वळून का बघितलं नाहीस? तुम्ही बघा कधी वळून. त्या पांढऱ्या धुक्यात, एवढाच विचार डोक्यात होता, की थांबले तर इंजिन जाणार. आणि मग मी, बंद गाडी, आणि मागं बसलेला जो कोण आहे तो. न थांबावं तर माझा माणूस जंगलात एकटा.

स्पीकरमधून परत आवाज आला, "अनू."

मग रेंज गेली.

मी थांबले नाही. साळवण येईपर्यंत दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावरसुद्धा गेले नाही. मागून ओल्या कपड्यांचा वास येत होता.

साळवणात धुकं निवळलं. एका चहाच्या टपरीपुढं चार माणसं उभी होती, त्यांना बघून मी ब्रेक दाबला. इंजिन गेलं. मी दार उघडून खाली उतरले, टपरीच्या पत्र्याखाली जाऊन उभी राहिले आणि मग गाडीकडं बघितलं.

मागचं दार उघडलं.

विश्वजित उतरला. तोच शर्ट, मनगटावर तोच काळा दोरा, कानामागं तोच डाग. टपरीवाला म्हणाला, "पावणं, लई भिजलाय की. चहा टाकू?" म्हणजे तो त्यालाही दिसत होता.

मी खाली बघितलं. दोन्ही चपला धड होत्या.

"मागं जाऊन बघूया," मी म्हणाले. "तुझा फोन..."

"जाऊ दे फोन," तो म्हणाला. "घरला चल. राणी वाट बघत असंल."

टपरीवरच्या माणसांनी धक्का मारून दिला आणि आम्ही घरी आलो.

मी त्याला नको नको ते विचारलं. कॉलेजात पहिल्यांदा कुठं भेटलो, राणी झाली तेव्हा दवाखान्यात माझ्याशी कशावरून भांडला, लग्नात माझ्या भावाला काय बोलला. सगळं बरोबर सांगितलं. एकदाही "आज काय डोकं फिरलंय काय तुझं" असं म्हणाला नाही. आमचा विश्वजित दुसऱ्याच प्रश्नाला म्हणाला असता.

त्याच नंबरचं नवं सिम आलं. जुना फोन कुणाला सापडला नाही. मी सोमेशला तेवढं विचारलं, की त्या रस्त्यावर ग्रुपमधल्या कुणाला काही अनुभव आहे का. तो म्हणाला, "वैनी, आमची गाडी तर कुठंबी बंद पडती. रस्त्याला कशाला नावं ठेवायची?"

थंडीत कंपनीनं शेवटी हात टेकले. सगळ्यांच्या गाड्या परत बोलावल्या, नवा पंप बसवून दिला. ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. तेव्हापासून आमची गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

आणि घरात सुख आहे.

हेच मला सांगता येत नाही कुणाला. तो आवाज चढवत नाही. सकाळी राणीची वेणी घालतो, तिला गोष्टी सांगतो. ती पहिल्यांदा वडिलांच्या कुशीत झोपायला लागली आहे, कारण आधीचा तिच्यावर फार खेकसायचा. सासूबाई म्हणतात, "पोरगं सुधारलं गं बाई. दृष्ट काढली पायजे."

मी रात्री जागी असते. शेजारी त्याचा श्वास चालू असतो, एका लयीत. मी वाट बघते की आता तरी घोरेल. माझ्या नवऱ्याच्या घोरण्यावरून मी किती रडगाणी गायली असतील, आता त्या घोरण्यासाठी जीव तुटतो.

या श्रावणात मला राहवेना. घरी सांगितलं, जयसिंगपूरला माहेरी जाऊन येते. आणि गाडी उलट्या दिशेला काढली. आता मनात भीती नव्हती, एक धरून ठेवलेलं काम होतं. गाडी नीट झाली होती. आता थांबता येत होतं. त्याला घेऊन यायचं.

वळणावर पोचले तेव्हा दुपार होती. धुकं होतंच.

मी गाडी त्याच बारीक उतारावर, कोल्हापूरकडं तोंड करून लावली. इंजिन बंद केलं. डाव्या दाराचं लॉक काढलं. काच खाली केली.

काही नाही. झाडांवरून पाणी गळत होतं.

मी हाक मारली. "विश्वजित."

पानांवरचं पाणी गळायचं थांबलं...

मग मागून, लांबून, पावलं आली. पळत. जड माणसाची. धावताना तो तोंडानं श्वास घेतो, तसा श्वास. मला रडू फुटलं. खरंच सांगते, मला भीती वाटली नाही. वर्षभर वाट बघितलेला माणूस येतोय असंच वाटलं.

"आलो गं," आवाज आला. "थांब. आलो."

आणि फोन वाजला.

स्क्रीनवर नाव... विश्वजित.

बाहेर पावलं जवळ येत होती. मी फोन उचलला.

"मम्मी," राणी होती. पप्पांच्या फोनवरून. "मम्मी, तू कधी येणार? पप्पांनी आज धपाटे केलेत."

"येते बाळा."

"मम्मी, पप्पा सांगायला लावतायत." ती कुणाकडं तरी बघून बोलत होती. "ते म्हणतायत, तिथं थांबू नगंस."

मी जयसिंगपूरला गेले, असंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"पप्पा कुठं आहेत?" मी विचारलं.

"हितं. मी त्यांच्या मांडीवर बसलीय."

मागच्या दाराच्या हँडलला कुणीतरी हात घातला. खट् असा आवाज झाला. दार बोटभर उघडलं. धाप लागलेला श्वास आत आला आणि त्याबरोबर त्याचा वास, घामाचा, तंबाखूचा, वर्षभर घरात नसलेला.

"किती वेळ लावलास," तो म्हणाला. चिडून. अगदी आमच्या विश्वजितसारखा चिडून.

मला त्याच्याकडं वळायचं होतं. पण राणी घरातल्याच्या मांडीवर होती. याला घेऊन घरी गेले तर तो तिचं काय करेल, मला माहीत नव्हतं.

मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं.

मी ॲक्सिलरेटर दाबला.

तो दाराला धरून थोडा वेळ पळाला. मला ऐकू येत होतं. "आगं, आगं अनू, थांब की," असं म्हणत पळाला. मग आवाज मागं मागं पडत गेला आणि दार वाऱ्यानं आपोआप लागलं.

संध्याकाळी घरात शिरले तेव्हा त्यानं माझं ताट वाढून ठेवलं होतं.

मी जेवले. धपाटे चांगले झाले होते.

येताना बावडा ते कोल्हापूर, त्या सबंध रस्त्यावर मी देवाला एकच मागत होते, की एकदा, फक्त एकदा हे इंजिन बंद पडू दे. म्हणजे मला थांबावं लागेल.

नवा पंप आहे. बंद पडलं नाही.