हवालदार आले!

"मी मेजर जनरल!" बुरुजावर उडी मारून फर्डीने जाहीर केलं. "आणि पॉलिन लेफ्टनंट जनरल. म्हणजे माझ्या हाताखाली!"

"उलट आहे ते," पॉलिन म्हणाली. "लेफ्टनंट जनरल वरचा."

"हॅट्! मेजर मोठा की लेफ्टनंट?"

"मेजर."

"झालं तर मग! साधं गणित आहे!"

"फौजेत हे गणित चुकतं. डॅडींनी सांगितलंय मला."

डॅडींचं नाव निघालं की फर्डीला गप्प बसावं लागे. पॉलिनचे डॅडी खरेखुरे फौजेत होते, तिकडे पठाणकोटला. या सुट्टीत आईही तिकडेच होती, म्हणून पॉलिन फर्डीच्या घरी राहत होती. फर्डी तिचा चुलतभाऊ. दहा वर्षांचा, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही! तिसरा नथू, पाचूबंदरच्या तांडेलाचा मुलगा. मे महिन्याची सुट्टी लागल्यापासून तिघांनी वसईच्या किल्ल्यात आपली फौज उभी केली होती. अडचण एकच, शिपाई व्हायला कोणीच तयार नव्हतं.

"आन मी कोन?" नथूने विचारलं.

"लान्स नायक," पॉलिन म्हणाली. "बाहीवर एक पट्टा. मग नायक, दोन पट्टे. हवालदार, तीन."

"हवालदार? म्हंजे पोलीस?"

फर्डी खो खो हसला. "हिचे डॅडी हवालदार झाले ना, तेव्हा अख्ख्या रमेदी गावाला वाटलं, पोलिसात गेले! आमच्या सायकलचा दिवा चोरीला गेला, तर लोक म्हणाले, कळवा की त्यांना पठाणकोटला!"

"फौजेतला हवालदार वेगळा," पॉलिन समजावू लागली. "त्याच्या वरती नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. पट्टे बाहीवरून जातात आणि खांद्यावर तारा येतो. ताऱ्याखाली एक बारीक फीत असते. लाल, पिवळी, लाल. डॅडी नायब सुभेदार झाले तेव्हा आईनेच ती शिवली. त्यांच्याही वरती ऑफिसर. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर आणि पुढचे सगळे. त्यांच्या खांद्यावर ती फीत नसते."

नथूने डोकं खाजवलं. "आमच्या बोटीवानीच की! खलाशी, वर तांडेल, त्याच्या वर बोटीचा मालक. पन मालक बी तांडेलाला अरे-तुरे नाय करत. दर्यात बोट तांडेल चालवतो ना!"

"अगदी तस्सं! लेफ्टनंटसुद्धा सुभेदाराला 'साहेब' म्हणतो!"

बोलता बोलता पॉलिन थबकली. लेफ्टनंट... फीत...

बॅप्टिस्टकाकांच्या, म्हणजे फर्डीच्या वडिलांच्या केळीच्या वाडीत आठवडाभर एक पाहुणे उतरले होते. लेफ्टनंट देवकुळे! कडक इस्त्रीचा गणवेश, चकचकीत बूट, झुपकेदार मिशा. काका त्यांच्यामागे नुसते नाचत होते. आज सकाळी चहाचा कप उचलताना पाहुणे वाकले, तेव्हा पॉलिनला त्यांचा खांदा जवळून दिसला होता. दोन तारे. आणि त्यांच्याखाली लाल, पिवळी, लाल!

दोन तारे आणि फीत हा तर सुभेदाराचा खांदा!

"फर्डी," ती हळूच म्हणाली, "प्लासिड आज किती वाजता निघणार?"

"संध्याकाळी. पाणी उतरायच्या आत. का?"

प्लासिड म्हणजे फर्डीचा मोठा भाऊ, नुकता अठराचा झालेला. फौजेत जायचं त्याला लहानपणापासून वेड! लेफ्टनंटसाहेबांनी त्याला आणि गावातल्या आणखी काही पोरांना निवडलं होतं. आधी एक छोटी कामगिरी, मग थेट ट्रेनिंग. पोरं खूश, आईबाप त्याहून खूश!

"माझ्या बाच्याच बोटीतनं जानार हायेत," नथू म्हणाला. मग इकडेतिकडे बघून त्याने आवाज उतरवला. "कोनाला सांगू नका हां. कळंबच्या समोर दर्यात एक लाँच येनार. तिच्यातनं फौजेच्या पेट्या उतरवून किनाऱ्याला आनायच्या. गुपित काम हाय. पोलिसांना बी सांगायचं नाय, आसं साहेबानं बजावलंय."

"पोलिसांना का नाही?"

नथूने फर्डीकडे पाहिलं. तिघांनाही एकच आठवलं. गेल्याच वर्षी किनाऱ्यावर चोरट्या घड्याळांच्या पेट्या पकडल्या होत्या. पेट्यांचा मालक पसार झाला, आणि तुरुंगात गेले ते पेट्या वाहणारे!

तिघंही घराकडे पळत सुटली.

पडवीत फर्डीची आई, मटिल्डाकाकी, प्लासिडची पिशवी भरत होत्या. सुक्या बोंबलांची पुडी त्यांनी घातली, काढली, पुन्हा घातली. डोळे लाल झाले होते.

"काकी, त्या साहेबांच्या खांद्यावर ती फीत..."

"कसली फीत गो?" आतून बॅप्टिस्टकाका गरजले. "तुझ्या डॅडींच्या खांद्यावर एकच तारा, यांच्या खांद्यावर दोन. शिवाय फीत! जास्त असेल तर चांगलंच की!"

"तसं नसतं काका. ती फीत ऑफिसरची नाहीच. हे खोटे..."

"खबरदार!" काकांनी बोट रोखलं. "ऑफिसरला खोटं म्हणतेस? वर तक्रार गेली ना, तर तुझ्या डॅडींच्या खांद्यावरचा तारा उतरेल!"

पॉलिन मागे सरकली. खरंच उतरेल? आणि आपलीच चूक असली तर? कदाचित धोब्याने शर्टांची अदलाबदल केली असेल! पण चूक नसली, तर प्लासिडच्या हातात बेड्या! इकडे आड, तिकडे विहीर.

तेवढ्यात खुद्द लेफ्टनंटसाहेब पडवीत आले. पॉलिनने धीर करून विचारलं, "सर, आमची पैज लागलीय. मेजर जनरल मोठा की लेफ्टनंट जनरल?"

"हात्तिच्या!" साहेबांनी मिशीला पीळ दिला. "मेजर लेफ्टनंटच्या वर. म्हणजे मेजर जनरलच मोठा!"

"वा! बरोबर!" काका म्हणाले.

फर्डीचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपलं उत्तर बरोबर नको होतं!

"आणि तुमच्या सुभेदाराला तुम्ही काय म्हणता, सर?"

"म्हणायचं काय? नाव घेऊन हाक मारतो. पाणी आण म्हणतो!"

पॉलिनला आता शंका उरली नव्हती. पण काकांना पटवायचं कसं? ते तर त्या माणसाला आणखी एक केळं सोलून देत होते!

तिघं विहिरीच्या काठावर जमली. "खोटा म्हणायचं नाही, तरीही त्याचं खोटं उघडं पडलं पाहिजे," पॉलिन नखं कुरतडत म्हणाली. "खरा असला, तर त्याचा अपमानही व्हायला नको."

"त्याची मिशी ओढू या?" फर्डीने सुचवलं.

"मूर्खा! तुला साधं हवालदार आणि..." पॉलिनने एकदम टाळी वाजवली. "हवालदार! फर्डी, हवालदार म्हटलं की गावाला काय वाटतं?"

"पोलीस!"

"आणि लेफ्टनंटला काय वाटायला हवं?"

"आपल्या हाताखालचा मानूस," नथू म्हणाला. मग त्याचेही डोळे चमकले. "आयला!"

संध्याकाळी पाचूबंदरला ही गर्दी! पोरं पिशव्या घेऊन उभी. बॅप्टिस्टकाका हसत होते, मटिल्डाकाकी पदराने डोळे टिपत होत्या. बोट जरा आत पाण्यात नांगरलेली. तिच्याकडे न्यायची होडी काठाला लागली होती. ओहोटी सुरू झाली होती.

"चला, चला!" देवकुळे घाई करत होता. प्लासिडने एक पाय होडीत टाकलासुद्धा.

पॉलिन वळूनवळून वाटेकडे बघत होती. नथू कुठे आहे? विसरला की काय? की त्याच्या बाने त्याला घरात कोंडलं? पाणी तर पावलागणिक मागे सरकतंय!

"लेफ्टनंटसाएब! ओ लेफ्टनंटसाएब!" बोंबील वाळत घातलेल्या बांबूंमागून नथू धापा टाकत धावत आला. "हवालदार आले! तुमालाच विचारतायत! इकडंच येतायत!"

पॉलिन देवकुळेकडे बघू लागली. त्याने 'पाठव त्याला' एवढंच म्हणायला हवं होतं. खऱ्या लेफ्टनंटने तेवढंच म्हटलं असतं.

देवकुळेचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "हवालदार? कि... किती जण आहेत?"

"का हो साहेब?" बॅप्टिस्टकाका गोंधळले. "असेल कोणी तुमच्या पलटणीतला. हवालदाराला तुम्ही कशाला..."

पण ऐकायला साहेब होते कुठे? प्लासिडला ढकलून त्याने होडीत उडी घेतली. होडी हलेना! पाणी उतरून ती केव्हाच वाळूत बसली होती. तो खाली उतरला आणि डावीकडे पळत सुटला.

"ओ साएब, तिकडं नको!" नथू ओरडला. "तिकडं गाळ हाय!"

पण साहेब गाळात शिरले होते. आधी घोटे, मग गुडघे. एक बूट आत राहिला. तो काढायला वाकले, तर दुसराही रुतला!

नथूचा बा दोन खलाशांना घेऊन फळ्या टाकत गेला. जाताना तो एवढंच म्हणाला, "सोडू नका त्याला, धरून ठेवा." तांडेलाचा शब्द! खलाशांनी साहेबाला काखेत हात घालून, बोंबलाची पाटी उचलावी तसं वर काढलं.

बॅप्टिस्टकाकांनी पोलिसांना बोलावणं धाडलं. थोड्या वेळाने सायकलवरून एक खरे हवालदार आले. पोट सावरत, घाम पुसत त्यांनी विचारलं, "मघाशीच हवालदार आल्याची ओरड झाली म्हणे. कोण आला होता माझ्या आधी?"

अख्खं बंदर हसलं. पॉलिनला मात्र हसू येईना. मटिल्डाकाकींनी तिला जवळ ओढलं आणि घट्ट धरून ठेवलं.

त्याच संध्याकाळी कळंबच्या समोर लाँच सापडली. पेट्यांमध्ये परदेशी घड्याळं होती. गणवेश देवकुळेने रेल्वेत एका सुभेदाराच्या ट्रंकेतून पळवला होता. "दोन तारे दिसले, म्हणून लेफ्टनंट झालो," त्याने कबूल केलं. "त्या फितीला काही अर्थ असतो, हे कोणाला ठाऊक!"

प्लासिडने पिशवी रिकामी केली. बोंबलांची पुडी पुन्हा डब्यात गेली. "भरतीला जाईनच," तो म्हणाला, "पण पॉलिनचे डॅडी रजेवर आले की त्यांना विचारून."

बॅप्टिस्टकाका ओट्यावर येऊन बसले. त्यांनी पॉलिनला हाक मारली. "चुकलो गो बाय. मी इस्त्री बघितली, तू खांदा बघितलास. पण एक सांग, लेफ्टनंट जनरल मोठा कसा काय?"

"डॅडी म्हणतात, फार पूर्वी मेजर जनरलला सार्जंट मेजर जनरल म्हणायचे. सार्जंट म्हणजे हवालदारच, लेफ्टनंटच्या खालचा. पुढे 'सार्जंट' गळून पडलं."

"गळून पडलं आणि आम्हाला पाडलं!" काका हसले. "शाबास! आजपासून या घराची जनरल तूच."

"आणि मी?" फर्डी किंचाळला.

"नको काका," पॉलिन म्हणाली. आता तिलाही हसू फुटलं होतं. "मला नायब सुभेदारच करा. त्याला लेफ्टनंटसुद्धा साहेब म्हणतो!"

बॅप्टिस्टकाका उठले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले,

"चला साहेब, जेवायला!"