मोगऱ्याचं पांघरूण

"ओ बाई, माझ्या मावशीचं लुगडं द्या आधी!"

सकाळच्या कोवळ्या उन्हात मंजुश्री परसातल्या रोपांवरची लुगडी काढत होती. आवाज आला तो भिंतीपलीकडून. तिनं मान वर केली, तर शेजारच्या शरणम्माच्या भिंतीवर एक पोरगा कोपरं टेकून उभा. राजबिंडा वगैरे काही नव्हता. नाक जरा जास्तच पुढं आलेलं अन् केसांना कंगव्याची ओळख नसावी. पण हसताना डोळे असे बारीक व्हायचे, की बघणारीला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलंय.

आणि चुकलंच होतं. औशात पुसाच्या महिन्यातला गार वारा सुटला की मोगऱ्याची कोवळी रोपं एका रात्रीत काळी पडतात. म्हणून मंजुश्री रोज दिवेलागणीला तुराट्यांच्या मांडवावर जुनी लुगडी पांघरायची अन् ऊन आलं की काढायची. काल अंधारून आल्यावर भिंतीवर वाळत घातलेलं शरणम्माचं इरकल तिनं आपलंच जुनेर समजून ओढलं होतं.

"हे... तुमच्या मावशीचं हाय?"

"हाव. मठात नेसायचं लुगडं हाय ते. मावशी उठल्यापासून चोराला शिव्या देऊन राहिली. चोर एवढा देखणा निघंल असं तिला वाटलं नसंल."

"लुगडं घ्या अन् आधी तोंड धुऊन या. चहाच्या आधी एवढं बोलत न्हाईत आमच्याकडं."

तो रुद्रेश. नांदेडला त्याचं फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसायची अन् थंडीत दुकानात माशी फिरकत नसे, म्हणून मावशीकडं आलेला. थंडीत रिकामा पोरगा, थंडीतच कामानं वाकलेली पोरगी, अन् मधे कमरेएवढी भिंत. दुसरं काय होणार?

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो भिंत ओलांडून मदतीला आला. लुगड्याचं एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. सकाळी घडी घालायची म्हणजे दोघांना एकमेकांकडं चालत यावंच लागे. टोकाला टोक लागे... बोटाला बोट. मग दोघंही उगाच दवानं भिजलेल्या काठाकडं बघत राहत.

"तुमचा धंदा गारवा करायचा," ती एकदा म्हणाली, "अन् हितं येऊन थंडी घालवून राहिले?"

"पाप फेडून राहिलो." मग त्यानं विचारलं, "ह्या रोपांचा एवढा घोर कामून लावून घेतला?"

मंजुश्री खाली वाकली. एका रोपाभोवतीची माती बोटानं सारखी केली.

"आमच्या अप्पांनी शब्द घेतलाय. शिवरात्रीनंतर ही रोपं जित्ती रानात लागली, तर वर्षभर ते माझ्या लग्नाचं नाव काढणार न्हाईत. मेली, तर सोलापूरच्या स्थळाला मी हो म्हणायचं."

तिचे अप्पा म्हणजे वीरण्णा. बाजारात किराणा दुकान. पोरीवर जीव होता, पण पोरीनं मोगऱ्याचं रान करायचं म्हणजे त्यांना खूळ वाटे.

त्या संध्याकाळी रुद्रेशनं मांडवाची एकेक गाठ पुन्हा सोडून पुन्हा आवळली.

संक्रांत झाली. थंडीनं जरा पाठ दाखवली. मंजुश्री खत आणायला लातूरला गेली, अन् मागं रुद्रेशनं घात केला. रोपांचे शेंडे गारठ्यानं करपून तपकिरी झालेले. त्याला वाटलं, ही आल्यावर हिरवंगार दिसावं. त्यानं छाटणीचा सिकेटर घेतला अन् दोन ओळींची करपलेली पानं, काड्या, सगळं छाटून साफ केलं. पुरुषमाणसाला प्रेम आलं की तो आधी न विचारता काहीतरी दुरुस्त करायला घेतो.

संध्याकाळी मंजुश्री परसात आली अन् तिच्या हातातली पिशवी तशीच गळाली.

"हे कुणी केलं?"

"मी... वाळलेलंच होतं की सगळं."

"अहो, ते करपलेलं पान म्हंजे त्या झाडाचं पांघरूण असतं! थंडी पुरती सरल्याबिगर कात्री लावत न्हाईत. आता उबेला भुलून ही कोंब फोडतील अन् गारठा परतला की मुळापातूर जातील. तुम्ही मला सोलापूरला धाडायला आलते का?"

रुद्रेशचा चेहरा पडला. सकाळच्या गाडीनं तो नांदेडला निघून गेला. शरणम्मासुद्धा म्हणाली, "पळालं बघ बेणं."

मंजुश्रीला राग आला होता, तो पानांचा. आता आणखी एक आला, अन् तो कशाचा ते तिला नीट सांगता येईना. संध्याकाळी लुगडं एकटीनं पसरताना दुसरं टोक मातीत लोळायचं.

ती म्हणाली तसंच झालं. छाटलेल्या रोपांना तांबूस कोंब फुटले, अन् वाऱ्यानं दिशा बदलली. गारठा असा परतला की विहिरीच्या पाण्यातून वाफा निघाव्यात. दिवस कलला तशी मंजुश्री घरातलं चिरगूटन् चिरगूट गोळा करून परसात आली, तरी दोन ओळी उघड्याच राहत होत्या.

तेवढ्यात दाराशी ऑटो थांबला. आधी एक भलंमोठं गाठोडं उतरलं, मग त्याच्यामागं रुद्रेश.

"वारा फिरला तशा घरातल्या झाडून साऱ्या वाकळी आणल्या," तो धापा टाकत म्हणाला. "आईला म्हणलं, चार दिवस रग पांघर. शिव्या मग घाला, आधी हे टोक धरा."

तिनं टोक धरलं. एकेक वाकळ पसरत गेली. शेवटची हाताला वेगळीच लागली. नवी, मऊ, बारीक टाक्यांची, कडेनं लाल झालर.

"ही तर कोरी दिसून राहिली."

"आईनं शिवली. सून येईल तिच्यासाठी."

"अन् तुम्ही ती मातीत, झाडावर घालून राहिले?"

रुद्रेशनं टोक सोडलं नाही. "जिची हाय... तिच्याच झाडावर घालून राहिलो."

वारा होता, तरी मंजुश्रीचे कान तापले. लाजायची नाटकं तिला कधी जमली नाहीत. तिनं वाकळ सरळ केली, झालर मातीला लागू नये म्हणून वर दुमडली, अन् म्हणाली, "मी नांदेडला येऊन बसणार न्हाई. माझं रान हितं हाय."

"कूलर औशातबी बिघडतात."

ती हसली नाही. पण त्या रात्री तिला शांत झोप लागली.

शिवरात्र सरली, ऊन चटकू लागलं. मग मंजुश्रीनं सिकेटर काढला अन् रुद्रेशच्या हातात दिला. कुठं कोंब फुटणारा जिवंत डोळा आहे, त्याच्या वर तिरपा काप कसा द्यायचा, ते ती बोट ठेवून दाखवी. तो विचारून विचारून कापी. छाटलेली रोपं रानात लागली. त्या दोन ओळींतली निम्मी गेलीच. केलेली चूक वाकळीखालीही सगळी झाकली जात नाही. पण बाकीची टवटवीत उभी होती.

वीरण्णा दुकान बंद करून रानात आले. बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडले, एका रोपाशी उकिडवे बसले, नवा कोंब बोटानं उचलून बघितला. रुद्रेश पाण्याची नळी धरून उभा.

"लागली म्हणायची," वीरण्णा उठत म्हणाले. "ठीक हाय पोरी. सोलापूरला फोन करून नको म्हणून सांगतो."

मंजुश्री आळं करत होती. मान वर न करताच बोलली, "अप्पा... तसाच एक फोन नांदेडलाबी करा. ह्यांच्या आईला. पण तिथं नको म्हणू नका."

"अगं, वर्षभर लग्नाचं नाव काढायचं न्हाई असं ठरलंतं न्हवं?"

"तुम्ही काढायचं न्हाई असं ठरलंतं. मी काढलं."

नळीतलं पाणी केव्हाचं रुद्रेशच्या बुटात चाललं होतं. वीरण्णांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग बुटाकडं, अन् खिशातून फोन काढला.

"नंबर सांग रे," ते म्हणाले, "अन् आधी ते पाणी झाडाला घाल."