सत्तेचाळीस, तीन

माझ्या बाबांचे शेवटचे शब्द होते, "सत्तेचाळीस, तीन."

त्याआधीचे होते, "सेहेचाळीस, तीन," आणि त्याच्याही आधीचे, "पंचेचाळीस, चार." असं मागे मागे गेलं की आपण "एक, दोन"पर्यंत पोहोचतो. एक मिनिट दहा सेकंदांचं ते ध्वनिमुद्रण मला तोंडपाठ आहे. वर्गातली बाकीची मुलं कविता पाठ करतात, मी हे केलं. त्यात माझं नाव नाही, आईचं नाही, 'येतो' नाही की 'सांभाळा' नाही. नुसते आकडे, आणि तेही चुकलेले. सत्तेचाळीसनंतर तीन कसे येतील?

बाबा चाचणी वैमानिक होते, म्हणजे नवं विमान इतरांच्या हाती देण्याआधी ते किती वेगापर्यंत सुरक्षित उडतं हे स्वतः उडवून तपासणारे वैमानिक. त्यांच्या विमानाचं नाव 'टिटवी'. हे वाहक विमान होतं (अवकाशयानाला पोटाशी धरून उंचावर नेणारं आणि तिथे सोडून देणारं). त्याचे पंख फार लांब आणि सडपातळ होते. २०५८ साली, मी नऊ वर्षांची असताना, त्यातला डावा पंख तुटला आणि टिटवी पडली. त्यानंतर आई मला घेऊन मिरजेला, तिच्या माहेरच्या गावी आली आणि एका सतारीच्या कारखान्यात तारा जुळवायचं काम करू लागली. अपघाताचा जाडजूड अहवाल टपालाने आला तो तिने न उघडताच कपाटात ठेवला आणि किल्ली कुठे ठेवली ते मला सांगितलं नाही.

ध्वनिमुद्रण मात्र मी ऐकलं होतं, कारण बातम्यांमध्ये ते महिनाभर वाजत होतं. त्यात बाबांच्या प्रत्येक आकड्यानंतर जमिनीवरून एका बाईचा आवाज येतो. ती दर वेळी एकच शब्द म्हणते, "लिहितेय." त्या आवाजात ना घाई, ना काळजी. दुकानात सामानाची यादी उतरवून घ्यावी तसा आवाज. तीन वर्षं मी त्या बाईचा मनापासून राग राग केला.

आणि माझं एक गुपित होतं, जे मी आईलाही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, बाबा इतके घाबरले होते की त्यांना धड मोजताही येत नव्हतं. बाबांची लाज वाटायची मला. आणि अशी लाज वाटते याची त्याहून जास्त लाज वाटायची.

यंदाच्या व्याख्यानमालेत चौथं पुष्प होतं 'आकाशापलीकडचे प्रवासी'. वक्ते दोन. चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेले अंतराळवीर विहान खरात आणि सत्तरी गाठलेल्या निवृत्त चाचणी वैमानिक केतकी कर्णिक. सातवीच्या सगळ्या वर्गाला शाळेने पास दिले होते. आई आधी म्हणाली की तिला एका सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, बसवायच्या आहेत. मग माझ्याकडे बघून म्हणाली, चल, मी पण येते.

मैदानावर मांडव होता आणि संध्याकाळ असूनही उकडत होतं. सूत्रसंचालनाला समितीने यंत्रमानव आणला होता. त्याला समितीच्या जुन्या चिटणीसांचा आवाज दिलेला असल्यामुळे सगळे त्याला नाना म्हणतात. नानांनी शाल-श्रीफळ उरकलं, वक्त्यांची ओळख करून देता देता दहा मिनिटं खाल्ली, आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या असं सांगितलं.

खरात छान बोलले. अवकाशात पोळीचे तुकडे तोंडाबाहेर निसटून कसे तरंगतात हे त्यांनी हातवारे करून दाखवलं तेव्हा सगळा मांडव हसला. मी हसले नाही. हसणाऱ्या लोकांमध्ये न हसता बसणं मला आता चांगलं जमतं.

मग कर्णिकबाईंनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला आणि विचारलं, "मागे ऐकू येतंय का?"

तोच आवाज. मी आईकडे पाहिलं, तर तिने पदर मुठीत गच्च धरला होता. तिनेही ओळखला होता. मी दप्तरातून वही काढली, पान फाडलं आणि लिहिलं, 'माझे बाबा मरत होते तेव्हा तुम्ही नुसतं लिहीत का बसलात? कृत्तिका शर्विल शेळके, सातवी ब.' चिठ्ठी नानांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, क्षणभर दिवा लुकलुकवला आणि 'अयोग्य' लिहिलेल्या डब्यात टाकली. मला वाटलंच होतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. नानांनी 'योग्य' डबा पुढे केला, पण कर्णिकबाई म्हणाल्या की आधी दुसरा द्या. चाचणीच्या कामात आमची एक सवय असते, त्यांनी लोकांना सांगितलं. जी नोंद कुणीतरी चुकीची म्हणून बाजूला टाकलेली असते ती आम्ही आधी बघतो, कारण धोका बहुतेक तिथेच बसलेला असतो. त्या डब्यातल्या चार चिठ्ठ्या त्यांनी मोठ्याने वाचल्या. भीती वाटते का, पगार किती, असलं काहीबाही होतं. पाचवी वाचताना त्या थांबल्या. मग ती घडी करून त्यांनी घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचली आणि म्हणाल्या, "याचं उत्तर मी त्या व्यक्तीलाच देईन."

आभारप्रदर्शनानंतर नाना आमच्यापाशी आले आणि कर्णिकबाईंनी आपल्याला बोलावलं आहे असं अदबीने म्हणाले. व्यासपीठाच्या मागे एक टेबल, चार खुर्च्या आणि उंच दांड्याचा पंखा होता. खरात एका कोपऱ्यात पाणी पीत उभे होते. कर्णिकबाई जवळून फार म्हाताऱ्या दिसत होत्या.

मी नमस्कारही केला नाही. विचारलं, "का?"

"कारण तुझे बाबा तेच मागत होते," त्या म्हणाल्या. "दुसरं काही करणं माझ्या हातात नव्हतं. तेवढंच होतं, म्हणून ते नीट करत होते. तुझ्या दप्तरात पट्टी आहे?"

मी लाकडी फूटपट्टी काढून दिली. त्यांनी ती टेबलाच्या कडेवर अर्धी बाहेर राहील अशी दाबून धरली आणि बाहेरचं टोक खाली ओढून सोडलं. पट्टी थरथरली आणि थांबली. का थांबली, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर आईने दिलं.

"तार छेडली की तिचा नाद हळूहळू विरतोच," ती म्हणाली. "तिच्यातला जोर हवेत जातो, लाकडात जातो."

कर्णिकबाईंनी मान डोलावली. याला शमन म्हणतात (थरथरणाऱ्या वस्तूतली ऊर्जा हळूहळू निघून जाऊन ती शांत होणं). विमानाचा पंखही अशीच एक लांब पट्टी असतो. वाऱ्याच्या झोताने तो वर-खाली हलतो आणि पुन्हा शांत होतो.

मग त्यांनी माझीच चिठ्ठी काढली, तिची लांब पट्टी फाडली आणि एक टोक धरून ती पंख्यासमोर नेली. पंखा एकवर होता. कागद जरासा हलला आणि सरळ राहिला. त्यांनी टिचकी मारली, तो हेलकावला आणि परत सरळ झाला. पंखा दोनवर केला. आता टिचकीनंतर कागद शांत व्हायला बराच वेळ लागला. तीनवर केल्यावर टिचकी मारावीच लागली नाही. कागद आपणहून फडफडायला लागला आणि थांबेचना.

"कागद तोच," त्या म्हणाल्या, "पण आता वारा काय करतोय?"

मी बघत राहिले. कागद नुसता वर-खाली होत नव्हता. वर जाताना थोडा पिळवटत होता आणि खाली येताना उलटा पिळवटत होता. पिळवटला की वारा त्याला त्याच बाजूला आणखी ढकलत होता. झोका आपल्या हातातून पुढे निघाला की नेमक्या वेळी आपण त्याला धक्का देतो, तसं. मी म्हणाले, त्याच्यातून जेवढा जोर जातोय, त्यापेक्षा जास्त वारा त्याला देतोय.

त्यालाच फडफड-अस्थिरता म्हणतात, कर्णिकबाईंनी सांगितलं (पंखाचं वाकणं आणि पिळवटणं यांचा ताल जुळून पंखाने वाऱ्यातून ऊर्जा ओढत राहणं). एका ठरावीक वेगाच्या खाली पंख शांत होतो, वर गेलात की होत नाही. तो वेग नेमका कोणता, हे गणिताने अंदाजे कळतं. नेमकं कळायला कुणीतरी उडावं लागतं. त्या दिवशी टिटवीचा तो वेग गणितापेक्षा बराच कमी निघाला. उडणं सोडल्यावर त्या जमिनीवरून चाचण्या बघत होत्या; गणित त्यांच्या गटाने केलेलं होतं आणि तपासणीची सही त्यांची होती. हे सांगताना त्यांनी आईकडे पाहिलं.

पंखावरच्या मापकांच्या तारा पहिल्याच हेलकाव्यांत तुटल्या, त्या पुढे म्हणाल्या. म्हणजे दूरमापन (विमानातली मोजमापं जमिनीवर आपोआप पाठवणारी यंत्रणा) बंद पडलं. पण बाबांनी एक जुनी युक्ती करून ठेवली होती. उड्डाणाआधी खिडकीच्या काचेवर त्यांनी एकाखाली एक बारीक रेघा आखल्या होत्या. पंखाचं टोक किती रेघा वर-खाली होतंय ते नुसत्या डोळ्यांनी दिसावं म्हणून.

"म्हणजे पहिला आकडा हेलकाव्याचा," मी म्हणाले. "आणि दुसरा रेघांचा."

"हो."

"ते चुकत नव्हते?"

"एकदाही नाही," कर्णिकबाई म्हणाल्या.

मग मी रडले. तीन वर्षांचं गुपित आईसमोर, खरातांसमोर, एका परक्या बाईसमोर सांगून टाकलं, की मला वाटायचं बाबांना भीतीने मोजता येत नव्हतं. आईने मला जवळ घेतलं. तिलाही तसंच वाटत होतं, ती म्हणाली, म्हणून तर तिने कपाट उघडलं नव्हतं. एकाच घरात आम्ही दोघी एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होतो.

पण माझा खरा प्रश्न अजून तसाच होता. सत्तर सेकंद होते. त्यात त्यांना आमची आठवण का झाली नाही?

"त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही," कर्णिकबाई म्हणाल्या. "मी मोजलेलं तेवढंच सांगते. तुला आकडे पाठ आहेत ना? मांड कागदावर."

मी वहीत दोन रेषा काढल्या. आडव्या रेषेवर हेलकावे, उभ्या रेषेवर रेघा. मनातल्या मनात ध्वनिमुद्रण सुरू केलं. एक, दोन. दोन, दोन. दहा, चार. वीस, सात. एकोणतीस, नऊ. ठिपके चढत गेले. तीस, नऊ. एकतीस, आठ. इथे माझा हात थांबला. पुढे छत्तीस, सहा. बेचाळीस, पाच. पंचेचाळीस, चार. सत्तेचाळीस, तीन.

कागदावर एक टेकडी तयार झाली होती. मी इतकी वर्षं चढत जाणारे पहिले आकडे ऐकत होते, म्हणून मला सगळं वाईटाकडेच जातंय असं वाटायचं. दुसरे आकडे कधी उतरायला लागले, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

मी हळूच म्हणाले, "फडफड कमी होत होती."

पाचव्या हेलकाव्यालाच बाबांनी इंजिनं मंद केली होती, कर्णिकबाईंनी सांगितलं. पण टिटवी भरलेल्या मालमोटारीसारखी, वेग हळूहळू उतरणारी. तिसाव्या हेलकाव्यापाशी ती त्या ठरावीक वेगाच्या खाली आली आणि पंख शांत व्हायला लागला. फक्त तोवर पंखाच्या आतल्या मुख्य तुळईला तडा गेला होता. तो तडा विमानात बसून दिसत नव्हता, जमिनीवरूनही नाही. बाबांना दिसत होते ते उतरणारे आकडे.

"तो निरोप घेत नव्हता, बाळ. तो विमान घरी आणत होता."

पंखा अजून तीनवर फिरत होता. मग खरातांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. या टेकडीचं शिखर जिथे आहे त्या वेगावर आमच्या नव्या वाहक विमानाच्या वेगमापकाच्या तबकडीवर लाल रेघ मारलेली आहे, ते म्हणाले. पंखाची तुळई बदलली ती याच आकड्यांवरून. त्याच विमानाने त्यांना चंद्राच्या वाटेवर सोडलं होतं, आणि येत्या कार्तिकात ते पुन्हा सहा जणांना नेणार होतं. खिडकीवरच्या रेघा अजूनही हाताने आखतात. खरातांनी त्या स्वतः पाहिल्या होत्या.

मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. बाबा परत आले नव्हते, आणि टेकडीची उतरती बाजू अर्ध्यावर तुटली होती. आईने बोट त्या तुटलेल्या टोकावर ठेवलं आणि विचारलं, पुढे काय झालं असतं? मी बघितलं. उतार सरळ दिसत होता. लहान मुलालाही काढता आला असता.

मी पेन्सिल कर्णिकबाईंच्या हातात दिली आणि बाबांच्या आवाजात, घाई न करता म्हणाले, "अठ्ठेचाळीस, दोन."

त्यांनी ठिपका काढला. आवाज तसाच होता.

"लिहितेय," त्या म्हणाल्या.

"एकोणपन्नास, एक."

"लिहितेय."